आठ पिचर आणि एक खांदा

परत आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतं, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. न्यूयॉर्कच्या इमारती विमानाच्या खिडकीतून दिसल्या तेवढ्याच. १९८६च्या जुलैतले चार आठवडे मी अमेरिकेत होते आणि ते जवळजवळ सगळे आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावात, बेसबॉलच्या मैदानाच्या आसपास घालवले. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

पुण्यात कर्वे रोडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. खांदे, गुडघे, कंबरा, दिवसभर हेच. माझा मोठा भाऊ श्रीकांत, म्हणजे आमचा दादा, हाडांचा डॉक्टर. तो सोळा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि फिरत फिरत या गावात स्थिरावला. "एकदा तरी ये," असं तो दर पत्रात लिहायचा. मुलीची दहावी झाली, यजमानांनी घर सांभाळायची तयारी दाखवली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने विमानात बसले.

गाव मक्यात बुडालेलं होतं. विमानतळावरून दादाने गाडी काढली, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका सुरू झाला तो दीड तास संपेना. मधेच एखादं पांढरं घर, लाल कोठार, आणि पुन्हा मका. मी विचारलं, एवढा मका खातं कोण? दादा म्हणाला, डुकरं.

घरी सुमनवहिनींनी थालीपीठ करून ठेवलं होतं. टेबलाशी एक सहा फुटांच्यावर उंच, वाळूच्या रंगाच्या केसांचा माणूस बसला होता आणि त्याच थालीपिठावर मेपलच्या झाडाचा गोड पाक ओतून खात होता. मला पाहून तो उठला, "मॅम" म्हणाला आणि माझी जड बॅग उचलून वर घेऊन गेला.

"हा डेल," वहिनी म्हणाल्या. "आपल्या तळघरात राहतो. पिचर आहे."

वहिनींचा खेळ

गावात बेसबॉलचा एक व्यावसायिक संघ होता. व्यावसायिक म्हटलं तरी सगळ्यांत खालच्या पायऱ्यांपैकी एकीवरचा. मोठ्या शहरातला मुख्य संघ आपले होतकरू खेळाडू अशा गावांत ठेवतो, आणि जो चांगला निघेल त्याला एकेक पायरी वर नेतो. हंगामापुरतं या खेळाडूंना गावातली कुटुंबं घरी ठेवून घेतात. दादा संघाचा डॉक्टर, त्यामुळे त्याच्याकडे दर वर्षी एक जण असतोच.

पण या खेळाची खरी ओढ होती ती वहिनींना. मिरजेला असताना घरात क्रिकेटची कॉमेंट्री लागली की उठून जाणाऱ्या या बाई. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांना बोलायला कोणी नव्हतं. दादा दिवसभर हॉस्पिटलमध्ये. दुपारी पोळ्या लाटताना रेडिओ लावायच्या, त्यावर बेसबॉल असायचा. त्या समालोचकाच्या तोंडून आपण इंग्रजी शिकलो, असं त्यांनी मला सांगितलं. आता त्या प्रत्येक सामन्याला वही घेऊन जातात आणि सगळा हिशोब मराठीत मांडतात. तीन चेंडू हुकवून फलंदाज बाद झाला की जगभर इंग्रजी 'के' लिहितात म्हणे. वहिनी 'फु' लिहितात. फुकट गेला, त्याचा फु.

पहिल्या रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून खेळ समजावला. मला समजला तेवढा सांगते. आपला गोलंदाज धावत येऊन टप्पा पाडतो. इथला पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय छातीपर्यंत उचलतो आणि चेंडू थेट, टप्पा न पाडता फेकतो. आपल्याकडे ज्याला फेकी म्हणून पंच हरकत घेतील, तेच इथे कौशल्य. सामना नऊ डावांचा. जो पिचर सामना सुरू करतो त्याला स्टार्टर म्हणतात. त्याने सहा-सात डाव, म्हणजे नव्वद-शंभर चेंडू निभावून न्यायचे. मग थकलेल्या स्टार्टरच्या जागी एखाद-दोन डावांपुरते दुसरे पिचर येतात.

"आणि स्टार्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा?" मी विचारलं.

"छे," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस त्याने चेंडूला जोर लावायचा नाही. म्हणून पाच स्टार्टर लागतात. आणि सामना जवळजवळ रोज असतो."

माझ्या डोळ्यांसमोर क्लिनिकमध्ये येणारे आमचे गोलंदाज आले. क्लबच्या सामन्यात सकाळी एका टोकाकडून सुरू करतात आणि चहापर्यंत तेच टोक धरून असतात. कर्णधाराला दुसरा कोणी सुचत नाही, आणि गोलंदाजालाही तो सुचू नये असंच वाटत असतं. सोमवारी माझ्याकडे येतात, हात वर जात नाही म्हणून. हे चार दिवसांचं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पुढचे दोन डाव पाहिलेच नाहीत, त्याचाच विचार करत बसले.

सातव्या डावाच्या मध्यावर अख्खं मैदान उठून उभं राहिलं. मला वाटलं राष्ट्रगीत, म्हणून मी ताठ उभी राहिले. लोक आळस देत होते. तशी रीतच आहे.

ऑर्व्हिलची वही

मंगळवारी सकाळी दादा सरावाला गेला तेव्हा मीही गेले. तिथे ऑर्व्हिल भेटला. पिचरांना शिकवणारा हा साठीचा माणूस, गुडघ्यातून वाकलेला, उन्हाने चेहरा बटव्यासारखा आक्रसलेला. मी खांद्यांवर काम करते हे कळल्यावर त्याने खुर्ची आणून दिली आणि तासभर माझ्याशी एखाद्या सहकाऱ्याशी बोलावं तसा बोलला.

त्या हंगामात त्याच्यावर संकटच आलं होतं. जूनमध्ये त्याचे दोन उत्तम स्टार्टर वरच्या संघाने नेले. तिसऱ्याचा घोटा मोडला. पाचांतले दोन उरले, आणि सामने तर रोजचे; मधले दिवस तो एखाद-दोन डावांचे पिचर जोडून कसेबसे भागवत होता. इतर प्रशिक्षकांनी उरलेल्यांवर भार टाकला असता. ऑर्व्हिलने तसं केलं नाही, कारण दहा वर्षांपूर्वी एकदा केलं होतं आणि त्यात एका मुलाचा हात कायमचा गेला होता. एवढंच त्याने सांगितलं, नाव सांगितलं नाही.

"पाच पुरत नाहीत," तो म्हणाला. "मला आठ हवेत. पाच खेळतील, तीन तयार असतील. आणि आपण तयार आहोत हे त्या तिघांना ठाऊक असलं पाहिजे."

त्याच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक पिचरला एक पान. कोणी कुठल्या दिवशी किती चेंडू टाकले, कितव्या चेंडूनंतर कोपर खाली यायला लागलं, झोप झाली की नाही, सगळं. चेंडू मोजतो म्हणून इतर प्रशिक्षक त्याला हसायचे. डेलच्या पानावर मी पाहिलं. डेल सात वर्षं फक्त शेवटच्या एखाद्या डावापुरता येत असे, पंधरा-वीस चेंडू टाकून परत. त्याला ऑर्व्हिलने स्टार्टर करायला घेतलं होतं. तीस चेंडू, मग पंचेचाळीस, साठ, पंचाहत्तर, चार-चार दिवसांच्या अंतराने. मी मोडलेले खांदे असेच पायरीपायरीने चढवते. माणूस ओळखीचा वाटू लागला.

पुढच्या पानावर इग्नासिओ होता. डॉमिनिकन रिपब्लिकचा, डावखुरा, अबोल. इंग्रजी चार शब्द. त्यालाही साठ-सत्तर चेंडूंपर्यंत आणलं होतं, पण सामना एकदाही दिला नव्हता. रोज सकाळी येऊन तो रिकाम्या मैदानात टाकायचा आणि कपडे बदलून जायचा. ऑर्व्हिलला विचारलं, तो वैतागत नाही का? ऑर्व्हिल म्हणाला, वैतागतो, म्हणून मी रोज त्याच्यासोबत उभा असतो.

इग्नासिओचं एक सुख मात्र वहिनींच्या हाती होतं. दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, तो आमच्याकडे जेवायला येई. राजम्याची उसळ आणि भात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा हात थांबवून तो वहिनींकडे बघतच राहिला होता. त्याची आई हेच करते म्हणे, फक्त गोडा मसाला घालत नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वहिनी मराठीत वाढायच्या, तो स्पॅनिशमध्ये पुरे म्हणायचा, आणि वहिनी ते न समजल्याचं दाखवून आणखी वाढायच्या.

बुधवार

बुधवारी सकाळी मागच्या ओसरीत मी चहा घेत होते. डेल तळघरातून वर आला. शर्ट खांद्यावर टाकलेला होता, तो त्याने माझ्यासमोर अंगात घातला. आधी उजवा हात बाहीत सरकवला, मग डाव्याने शर्ट पाठीमागून ओढून घेतला. नंतर फडताळातून गोड पाकाची बाटली काढली, ती डाव्या हाताने. डेल उजवा होता.

दुखरा खांदा असलेली माणसं अशीच कपडे घालतात, दुखरा हात आधी. वीस वर्षं मी हे पाहते आहे. त्यांना स्वतःलाही कळत नाही.

मी विचारलं, कधीपासून दुखतोय? तो आधी हसला. मग दाराकडे पाहून म्हणाला, दहा-बारा दिवस. पंचाहत्तर चेंडूंचा दिवस झाला तेव्हापासून.

माझ्या सांगण्यावरून तो पायरीवर बसला आणि मी त्याचा खांदा तपासला. मागच्या बाजूला बोट ठेवलं तिथे त्याने श्वास रोखला. हात बाहेरच्या दिशेला फिरवायला सांगितला तर माझ्या दोन बोटांच्या जोराला तो दबत होता. एवढा मोठा माणूस. स्नायूची दोरी सुजली होती. फाटली नव्हती असं मला वाटलं, पण शंभर चेंडूंनी फाटू शकली असती.

आणि रविवारी त्याला शंभरच टाकायचे होते. त्या दिवशी मुख्य संघाचा एक माणूस त्याला पाहायला येणार होता. सात वर्षांत पहिल्यांदा. डेल सव्वीस वर्षांचा होता, या पातळीवर सगळ्यांत मोठा. बायको टेक्ससमध्ये तिच्या आईकडे होती, सातवा महिना. पुढच्या वर्षी मला कोणी ठेवणार नाही, असं तो अगदी सरळ आवाजात म्हणाला.

"तुम्ही हाताने काहीतरी करा, मॅम. रविवारपुरतं. डॉक्टरांना सांगू नका."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिथल्या तिथे आत जाऊन दादाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत तू स्वतः ऑर्व्हिलला सांग. नाही सांगितलंस तर मी दादाला सांगेन. त्याने मान हलवली. मला वाटलं मी फार समजूतदारपणे वागले. दुपारपर्यंत कळलं की मी भावाच्या घरात, भावाच्या पेशंटविषयी, भावापासून काहीतरी लपवते आहे.

नदीपलीकडे

गुरुवारी संघाचा सामना इलिनॉय राज्यात होता. आम्ही तिघं गाडीने मागोमाग गेलो. वाटेत मिसिसिपी ओलांडली. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली नदी. तपकिरी, संथ, एवढी रुंद की पुलाच्या मध्यावर दादाने गाडी हळू केली. पलीकडच्या तीरावर एका चर्चच्या बायकांनी 'पाय'चं दुकान मांडलं होतं, म्हणजे पिठाच्या पारीत फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. त्यातला एक 'पाय' होता तांबूस देठांचा, चव थेट आपल्या आंबट चुक्याची, पण साखरेत शिजवलेला. मी दोन खाल्ले. दुसरा वहिनींचा होता.

मैदानात वहिनींनी पिशवीतून दहीभाताचा डबा काढला. बाहेरचं तळलेलं मांस आम्हा दोघींना चालत नाही, म्हणून त्या डबा नेतातच. झाकण उघडलं, आणि त्याच क्षणी फलंदाजाच्या बॅटची कड घेऊन चेंडू उडाला. सगळे वर बघत होते. मी डब्याकडे बघत होते, आणि चेंडू डब्यातच पडला. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थाच्या टोपीवर, मानेवर, चष्म्यावर दहीभात. मी उठून माफी मागायला लागले. त्याने बोटाने ओठाजवळचं थोडं चाखलं, मागे वळून विचारलं की यात मोहरी आहे का, आणि उरलेला आहे का. चेंडू मी पुसून आणला आहे. अजून त्याला हिंगाचा वास येतो.

हे सगळं चाललं असताना डेल खाली संघाच्या बाकावर बसला होता. डाव्या हाताने पाणी पीत होता. मी दादाकडे पाहिलं. तो दहीभातावर इतका हसत होता की मला बोलवेना.

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी मी डेलला विचारलं. त्याने सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हता. रविवारनंतर सांगेन, म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता तळघराच्या जिन्याने उतरून गेला.

दादा घरी आल्यावर मी त्याच्या खोलीत गेले आणि बुधवारपासूनचं सगळं सांगितलं. तो टाय सोडत होता तो तसाच थांबला.

"तू एक्झॅमिन केलंस? आणि मला तीन दिवस बोलली नाहीस?"

"दोन," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर लाज वाटली.

दादा ओरडत नाही. लहानपणीही ओरडत नसे. त्याने शांतपणे सांगितलं की या काळात डेलने सरावात चाळीस चेंडू टाकले आहेत. तेवढ्यात ती दोरी तुटली असती तर मी पुण्याला गेल्यावर इथे त्याला त्या मुलाच्या बायकोला तोंड द्यावं लागलं असतं. माझा हेतू चांगला होता हे मी बोलले नाही, ते त्यालाही माहीत होतं. मग तो खाली गेला.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी माझ्यापुढे शेंगांची टोपली ठेवली. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. बऱ्याच वेळाने दादा वर आला आणि फोनवर ऑर्व्हिलला म्हणाला, तीन आठवडे तरी सामना नाही. फाटलेलं नाही, नलूचं निदान बरोबर होतं. एवढं शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. त्याचा राग तिथे संपला, असं मला वाटतं. डेल मात्र रात्रीच्या जेवणाला आला नाही, शनिवारी सकाळीही आला नाही. त्याच्यासाठीचं थालीपीठ वहिनींनी झाकून ठेवलं ते तसंच राहिलं.

रविवार

आता ऑर्व्हिलपुढे प्रश्न होता. रविवारचा सामना, मुख्य संघाचा माणूस येणार, आणि स्टार्टर नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाने शुक्रवारी आणि एकाने शनिवारी टाकलेले. संघाच्या व्यवस्थापकाचं म्हणणं होतं की शुक्रवारच्यालाच पुन्हा उभं करावं, एका दिवसाच्या विश्रांतीवर, एकदाच तर आहे. ऑर्व्हिलने वही उघडून इग्नासिओचं पान त्याच्यासमोर धरलं. सत्तर चेंडू, तीन वेळा, कोपर एकदाही खाली नाही. दादा तिथे होता. तो सांगत होता, ऑर्व्हिल वाद घालत नव्हता, फक्त पान धरून उभा होता.

दुपारी एकच्या उन्हात इग्नासिओ उंचवट्यावर चढला. मी आणि वहिनी नेहमीच्या जागी. डेल बाकावर बसला नाही. तो जिना चढून आमच्याकडे आला, मला म्हणाला, "बसू का?" आणि वहिनींच्या पलीकडे बसला. त्याच्या हातात ऑर्व्हिलने दिलेला तक्ता होता. स्टार्टर जेव्हा खेळत नसतो तेव्हा दुसऱ्याचे चेंडू टिपून ठेवायचं काम त्याच्याकडे असतं. पेन्सिल डाव्या हातात धरून तो वेडंवाकडं लिहू लागला. उजवा हात झोळीत होता.

पहिल्या डावात इग्नासिओचे पहिले चार चेंडू इकडेतिकडे गेले. असे चार चेंडू चुकले की फलंदाज न मारताच पुढच्या तळावर जातो, तसा तो गेला. मग दुसराही. वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्यांना बघवेना. ऑर्व्हिल चालत मैदानात गेला. त्या दोघांत कुठलीच भाषा समान नव्हती, तरी तो काहीतरी बोलला, आणि इग्नासिओने मान डोलावली. पुढच्या तिन्ही फलंदाजांना त्याने बाद केलं आणि डाव संपवला. वहिनींच्या वहीत ओळीने तीन फु.

त्यानंतर मी कधी नव्हे इतका खेळ पाहिला. डावखुऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे शेवटच्या क्षणी आत वळतो, हे मला डेलने दाखवलं. तिसऱ्या डावापर्यंत तो फक्त लिहीत होता. चौथ्यात त्याने मला सांगायला सुरुवात केली, आता खाली टाकेल बघा, आता बाहेर. पाचव्यात तो स्वतःशीच म्हणाला की हा चांगला आहे. दोन रांगा खाली एक टोपीवाला माणूस हातात वेग मोजायचं यंत्र धरून बसला होता. तो डेलसाठी आला होता, आणि आता काळजीपूर्वक इग्नासिओचं नाव लिहून घेत होता. डेलने ते पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं आता हा उठून जाईल. त्याने पेन्सिलीचं टोक नखाने नीट केलं आणि पुढचा चेंडू टिपला.

सहा डाव, एकोणऐंशी चेंडू, एक धाव. ऑर्व्हिलने ठरवलं होतं तिथे त्याला काढून घेतलं. लोकांना आणखी हवा होता, त्यांनी ओरडा केला. ऑर्व्हिलने तिकडे पाहिलं नाही. संघ जिंकला, एका धावेने.

सामना संपल्यावर डेल खाली गेला आणि इग्नासिओच्या गळ्यात डावा हात टाकला. परत जाताना गाडीत तो माझ्याशेजारी बसला होता. मी म्हटलं, रागावला असशील. त्याने थोडा विचार केला. "शुक्रवारी होतो," तो म्हणाला. "आज माझा हात तुटला असता आणि तरी आपण हरलो असतो. तो माझ्यापेक्षा चांगला टाकतो."

सोमवारी सकाळी तो थालीपिठाला आला.

उरलेले पंधरा दिवस

त्यानंतर माझी सुट्टी सुट्टी राहिली नाही, आणि मला त्याचं मनापासून सुख झालं. दादाने मला रीतसर कामाला लावलं. तो सांगेल ते, तो सांगेल तितकं. रोज सकाळी ओसरीत डेलचा खांदा. आधी बर्फ आणि नुसतं झोके देणं, मग रबराच्या पट्ट्या. वजनं म्हणून वहिनींचे राजम्याचे डबे, आधी अर्धा भरलेला, मग पूर्ण. ऑर्व्हिल एक दिवसाआड येऊन ओसरीच्या कठड्यावर बसे आणि प्रत्येक व्यायामाचं चित्र वहीत काढून घेई. त्यातले तीन व्यायाम त्याने सगळ्याच पिचरांना लावले, दुखो वा न दुखो. मी त्याच्याकडून पायऱ्यांचा हिशोब शिकले. त्याची पानं उतरवून आणली आहेत आणि आता माझ्या गोलंदाजांसाठी तशीच वही केली आहे. त्यांना ती आवडत नाही.

पुढचं मला वहिनींच्या पत्रांतून कळलं. इग्नासिओला ऑगस्टच्या सुरुवातीला वर नेलं. निरोपाच्या जेवणात त्याने उसळ तीनदा घेतली आणि आईची म्हणून एक चिठ्ठी वहिनींना दिली, ती अजून कोणाकडून वाचून घ्यायची आहे. हंगाम संपायच्या आधी डेल दोन सामने खेळला. एक हरला, एक जिंकला. पुढच्या वर्षी त्याला ठेवणार की नाही हे पत्र लिहीपर्यंत ठरलं नव्हतं. त्याला मुलगी झाली. ऑर्व्हिलने हंगाम सात पिचरांवर पार पाडला, आठवा शेवटपर्यंत मिळाला नाही.

पण माझ्यापुरता प्रवास संपला तो त्याआधीच, निघायच्या दिवशी सकाळी. विमान दुपारचं होतं. दादाने परवानगी दिली होती की आज डेलने पहिल्यांदा चेंडू हातात घ्यावा. वीस पावलांवरून, हलक्या हाताने, पंचवीस चेंडू, जास्त नाहीत. आम्ही चौघं मैदानावर गेलो. गवतावर दव होतं. माझ्या साडीचा काठ भिजला. ऑर्व्हिल झेलायला उभा राहिला, गुडघे कुरकुरत होते ते मला ऐकू येत होतं. दादा मोजत होता.

चेंडू मऊ जात होते. दहा झाले, बारा, पंधरा. डेलचा चेहरा उजळला होता. कोपर छान वर राहत होतं. मी मनात म्हटलं, आज हा पंचवीसला थांबायचा नाही, अजून पाच मागेल. मागितले तर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं.

एकोणिसाव्या चेंडूनंतर त्याने हात खाली घेतला. विसावा टाकायला पाय उचलला, आणि पुन्हा ठेवला. कोणी काही विचारलं नव्हतं. तो आमच्याकडे वळला आणि खांद्याच्या मागे बोट ठेवून म्हणाला, "इथे थोडं ओढतंय."

ऑर्व्हिल चालत आला. चेंडू खिशात टाकला, वही काढली, डेलच्या पानावर 'एकोणीस' लिहिलं.

"उद्या सुट्टी," तो म्हणाला. "परवा पुन्हा एकोणीस."